तटरक्षक दलाचा पहिला गनर

 

मी तोफखान्यातला माणूस. देवळालीच्या आर्टिलरी स्कूलची माती अंगाला लागलेली, आणि सगळी नोकरी जमिनीवर. मग समुद्रावरच्या अधिकाऱ्याबद्दल मी का बोलतोय? कारण साधं आहे. काही वर्षांपूर्वी तटरक्षक दलाच्या महासंचालकांची अधिकृत ओळख वाचत होतो. अशा ओळखी सगळ्या एका साच्याच्या असतात. अमुक साली दाखल, तमुक जहाजाची कमान, इतकी पदकं. पण मधेच एक वाक्य आलं आणि मी थबकलो. हे अधिकारी तटरक्षक दलाचे पहिले 'गनर' होते. फौजेत आम्ही तोफखानेवाले एकमेकांना गनर म्हणतो. जगात कुठेही गनर भेटला की तो आपल्या घरचा, अशी आमची समजूत. म्हणून मी राकेश पाल या माणसाचा माग काढत गेलो. त्यांना मी कधी भेटलेलो नाही, हे आधीच सांगतो. आणि आता भेटता येणारही नाही. १८ ऑगस्ट २०२४ रोजी चेन्नईत, महासंचालकपदावर असतानाच त्यांचं निधन झालं.

पण आधी थोडी पार्श्वभूमी. तटरक्षक दल म्हणजे नौदलाचीच एखादी शाखा, असं आपल्याकडे शंभरातले नव्वद लोक समजतात. तसं नाही. हे संरक्षण मंत्रालयाखालचं चौथं, स्वतंत्र सशस्त्र दल आहे. साठ-सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची, घड्याळांची, कापडाची चोरटी आयात जोरात होती. कस्टम्सच्या होड्या तस्करांच्या होड्यांपुढे टिकत नव्हत्या. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं, म्हणजे भर समुद्रात राखण करायला आणखी एक गोष्ट आली. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातल्या संपत्तीवर आपला हक्क सांगितला गेला. हक्क सांगितला की राखणदार लागतोच. नौदलाने ही कामं करायची म्हणजे युद्धनौकेने गस्तीच्या पोलिसाचं काम करायचं. ते महागही पडतं आणि युद्धाची तयारीही मार खाते.

यावर विचार करायला १९७४ मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी. सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. विदर्भातल्या श्रोत्यांना हे मुद्दाम सांगतो, कारण ज्या गावाला समुद्र ठाऊक नाही त्या गावच्या माणसाने किनाऱ्याचं दल कसं असावं हे ठरवलं. १ फेब्रुवारी १९७७ ला दलाची तात्पुरती उभारणी झाली. दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका, एवढाच संसार. व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामत पहिले महासंचालक. पुढच्या वर्षी कायदा झाला, त्यावर तारीख आहे १८ ऑगस्ट १९७८. ही तारीख लक्षात ठेवा.

राकेश पाल या दलात आले जानेवारी १९८९ मध्ये. शिक्षण नेव्हल अकॅडमीत. तेव्हा दलाला जेमतेम बारा वर्षं झाली होती. आज मुलं तटरक्षक दलाच्या परीक्षेसाठी क्लास लावतात, तेव्हा तसं काही नव्हतं. नौदलात जायचं सोडून इकडे का, असं घरच्यांनी, शेजाऱ्यांनी विचारावं असा तो काळ. दलाची वरची खुर्चीही बहुतेक नौदलातून आलेल्या व्हाइस ॲडमिरलकडेच असायची. म्हणजे १९८९ मध्ये अंगावर पांढरा युनिफॉर्म चढवणाऱ्या मुलाने कितीही मेहनत केली, तरी आपल्याच दलाचा प्रमुख होता येईल याची कुठलीही हमी नव्हती. फौजेत आम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही. पलटणीत आलेला प्रत्येक लेफ्टनंट मनातल्या मनात सेनाप्रमुख असतोच! ज्या दलाचं छत दुसऱ्याच्या हातात आहे, तिथे पस्तीस वर्षं काढणाऱ्यांच्या मनाचा मला नेहमी अचंबा वाटतो. हे छत उघडलं २०१६ मध्ये. १९८० साली दलात आलेले राजेंद्र सिंह महासंचालक झाले, तटरक्षक दलातच घडलेला पहिला महासंचालक.

आता गनरची गोष्ट. पाल यांनी कोचीच्या 'आयएनएस द्रोणाचार्य' या नौदलाच्या तोफविद्येच्या शाळेत गनरी आणि शस्त्रप्रणालीचं विशेष प्रशिक्षण घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये इलेक्ट्रो-ऑप्टिक्सवर आधारलेल्या फायर सोल्यूशनचा कोर्स केला. हे काय प्रकरण आहे ते माझ्या भाषेत सांगतो. आम्ही जमिनीवर तोफ लावतो तेव्हा पहिलं काम असतं तिला घट्ट बसवणं. मागचे पाय मातीत रोवायचे, फळी सपाट करायची, मग नकाशा, दिशा, अंतर, वारा. तोफ हलत नाही हे आमच्या सगळ्या गणिताचं मूळ. जहाजावर तेच मूळ उपटलेलं असतं! तोफेखालची जमीन डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते, पुढे आपटते. लक्ष्यही पळत असतं. मधली हवा खारट, दमट, धुरकट. अशा वेळी कॅमेरा, उष्णता टिपणारं यंत्र आणि लेझरने अंतर मोजणारं यंत्र ही तिन्ही एका स्थिर ठेवलेल्या खांबावर बसवतात, संगणक जहाजाचं डोलणं क्षणाक्षणाला वजा करत राहतो, आणि तोफ त्याचं ऐकून फिरते. आपल्या गस्ती जहाजांवर ३० मिलिमीटरची सीआरएन-९१ नावाची तोफ असते. हैदराबादकरांनो, ती तुमच्या शेजारी मेडकच्या कारखान्यात बनते.

पण यात खरी गंमत पुढे आहे, आणि या माणसाविषयी मला कुतूहल वाटलं ते त्यामुळेच. तोफखान्यात आम्हाला शिकवतात की गोळा लक्ष्यावर पडला पाहिजे. तटरक्षक दलाच्या गनरला बहुतेक वेळा शिकावं लागतं की गोळी लक्ष्यावर पडता कामा नये. समोर शत्रूचं जहाज नसतं. संशयित होडी असते, तिच्यावर पाच-दहा माणसं असतात, त्यातले दोघे गुन्हेगार असतील आणि उरलेले पोटासाठी आलेले खलाशी. आधी वायरलेसवर हाक, मग भोंगा, दिवे, लाउडस्पीकर. ऐकलं नाही तर नाकासमोर, पाण्यात, इशाऱ्याचा फायर. तो नाकासमोरच पडला पाहिजे, नाकावर नाही. तुमचं जहाज डोलतंय, त्यांची होडी वेडीवाकडी पळतेय, रात्र आहे, आणि तुम्हाला मुद्दाम चुकवायचं आहे. मुद्दाम चुकवण्यासाठी अचूक मारता यावं लागतं. पिस्तूल घेऊन मिरवणाऱ्यांना हे समजायचं नाही, पण कुठलाही गनर हे ऐकून मान डोलावेल.

पाल यांच्या कमानीखाली आलेल्या जहाजांची यादी बघा. सी-०३ ही छोटी इंटरसेप्टर बोट. अहल्याबाई आणि सुचेता कृपलानी या वेगवान गस्ती नौका. विजित आणि समर्थ ही खोल समुद्रातली मोठी गस्ती जहाजं, दोन्ही गोवा शिपयार्डमध्ये, वास्कोला बांधलेली. समर्थ १०५ मीटर लांब. म्हणजे दलातल्या प्रत्येक वर्गाच्या जहाजाची कमान त्यांनी केली. फौजेत याला उपमा द्यायची तर सेक्शनपासून ब्रिगेडपर्यंत प्रत्येक पायरीवर स्वतः उभं राहून आलेला अधिकारी. जहाजाच्या कॅप्टनला विचारायला वर कुणी नसतं. मी तुकडी घेऊन डोंगरात होतो तेव्हा अडलं की मागे बटालियन असे, रस्ता असे, निदान पाय असत. समुद्रात इंजिन बंद पडलं की पाय नसतात.

नावांवरून एक आडवळण घेतो. तटरक्षक दलाच्या गस्ती नौकांना आपल्या इतिहासातल्या बायकांची नावं देण्याची सुंदर पद्धत आहे. जिजाबाई, ताराबाई, अहल्याबाई, सावित्रीबाई फुले, दुर्गाबाई देशमुख. चौंडीच्या लेकीचं नाव घेऊन एक नौका पाण्यावर फिरली हे ऐकून कुणाही मराठी माणसाची छाती फुगेल. आणि याच दलात शॉर्ट सर्व्हिसवर आलेल्या एका महिला अधिकाऱ्याला कायमस्वरूपी कमिशन मागण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सरकारला त्यावरून चांगले खडे बोल सुनावले. हे पाल यांच्याच कारकिर्दीत घडलं. धोरण एकटा महासंचालक ठरवत नाही, मंत्रालय ठरवतं, हे मला कळतं. तरी माझं मत स्पष्ट आहे. नौकेवर बाईचं नाव चालतं तर नौकेच्या पुलावर बाई कायमची का चालू नये? आमच्या फौजेनेही हा धडा न्यायालयाच्याच छडीने घेतला, तेव्हा मी कुणाला नावं ठेवत नाही. पण गौरवाच्या भाषणात अशा गोष्टी गाळायच्या हे मला पटत नाही.

पाल यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग गुजरातेत गेला. ओखा आणि वाडीनार या दोन तळांची कमान त्यांनी केली, आणि पुढे गांधीनगरच्या वायव्य विभागाचे ते प्रमुख होते. बडोदा-अहमदाबादच्या मंडळींना हा भाग ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. वाडीनार कच्छच्या आखातात. तिथे समुद्रात उभ्या केलेल्या तरंगत्या बोयांना मोठमोठे तेलवाहू टँकर बांधतात आणि नळाने तेल किनाऱ्यावर घेतात. त्याच आखातात प्रवाळ आहेत, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. एक नळ फुटला तर काय होईल, याचा विचार करत झोपायचं, हे तिथल्या कमांडरचं काम.

ओखा त्याहून अवघड. द्वारकेच्या पुढे टोकाला. समोर पाण्यावर भारत-पाकिस्तानची काल्पनिक रेषा. जमिनीवरच्या सीमेला कुंपण असतं, खांब असतात, रात्री दिवे असतात. मी कच्छच्या रणात ड्यूटी केली आहे, तिथे निदान खांब क्रमांक मोजता येतो. पाण्यात मासळी रेषा पाळत नाही, आणि तिच्यामागे जाणारा खलाशीही कधी कधी पाळत नाही. आणि हा खलाशी कोण असतो? गुजरातच्या होड्यांवर डहाणू, तलासरी, पालघरची किती तरी आपली माणसं हंगामाला जातात. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा एजन्सीने पकडलं की कराचीचा तुरुंग, आणि घरी वर्षानुवर्षं वाट बघणारी बायकोपोरं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याच्या 'जलपरी' नावाच्या होडीवर पाकिस्तानी बाजूने गोळीबार झाला, त्यात पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार गेला. अशा किनाऱ्यावर तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याचं निम्मं काम पलीकडच्यांना रोखणं आणि निम्मं काम आपल्यांना परत वळवणं. दुसऱ्या कामाला बातमीत जागा मिळत नाही. वळवलेली होडी संध्याकाळी बंदराला लागते, मासळी उतरते, कुणाला काही कळतही नाही.

बातमी होते ती पकडलेल्या मालाची. गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाबरोबर तटरक्षक दलाने समुद्रात अमली पदार्थ घेऊन येणाऱ्या होड्या एकामागून एक पकडल्या. २६/११ नंतर हे सगळं बदललं. त्या रात्रीचे दहा जण पोरबंदरची 'कुबेर' होडी पळवून मुंबईला आले होते. त्यानंतर २००९ मध्ये सरकारने किनाऱ्यालगतच्या सागरी हद्दीच्या सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलावर टाकली. म्हणजे पाल यांच्या पिढीने अर्धी नोकरी एका दलात केली आणि उरलेली अर्धी, नाव तेच असलं तरी, जवळजवळ दुसऱ्याच दलात.

२०२२ मध्ये ते अतिरिक्त महासंचालक होऊन दिल्लीला आले, २०२३ च्या फेब्रुवारीत महासंचालकपदाचा अतिरिक्त भार, आणि जुलैत २५वे महासंचालक. अति विशिष्ट सेवा पदक, राष्ट्रपतींचं तटरक्षक पदक आणि तटरक्षक पदक ही त्यांची पदकं. भार हाती असतानाच जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ आलं. ओख्याजवळ समुद्रात 'की सिंगापूर' नावाच्या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर ५० माणसं अडकली होती. 'शूर' हे जहाज आणि हेलिकॉप्टर पाठवून सगळ्यांना काढलं. वादळ किनाऱ्याला यायच्या आधी मासेमारांच्या होड्या परत बोलावण्याचं काम वेगळंच.

मग डिसेंबरात एन्नोरच्या खाडीत तेल पसरलं. त्याच महिन्याच्या २३ तारखेला 'केम प्लूटो' या टँकरवर पोरबंदरपासून २१७ सागरी मैलांवर ड्रोन येऊन आदळला. जहाजावर बहुतेक भारतीय खलाशी. 'विक्रम' हे तटरक्षक जहाज त्याला सोबत करत मुंबईला घेऊन आलं. जुलै २०२४ मध्ये कारवारसमोर 'मर्स्क फ्रँकफर्ट' या कंटेनर जहाजाला आग लागली. जहाजावर घातक माल, वरून पावसाळी समुद्र, आणि ती आग विझवायला दिवसच्या दिवस लागले. त्याच महिन्यात अलिबागला कुलाबा किल्ल्याजवळ 'जेएसडब्ल्यू रायगड' हा बार्ज भरकटला आणि त्यावरच्या १४ जणांना हेलिकॉप्टरने उचललं. कान्होजी आंग्र्यांच्या किल्ल्यासमोर दोरखंडाला लटकून माणसं वर जाताहेत, ते चित्र तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. पाहिलं असेल आणि पुढे सरकवलं असेल.

आमच्याकडे लढाईचा हिशोब असतो. अमुक टेकडी, अमुक तारीख, इतके शहीद. तटरक्षक दलाचा हिशोब वेगळा लागतो, कारण त्यांचं युद्ध जाहीर होत नाही आणि संपतही नाही. महासंचालक हा देशाच्या सागरी शोध आणि बचाव यंत्रणेचाही प्रमुख असतो. भारताच्या वाट्याला आलेलं बचावाचं क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे देशाच्या जमिनीपेक्षाही मोठं. त्यात कुठल्याही देशाचं जहाज बुडत असो, हाक आपल्याला येते. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथे या हाका ऐकणारी केंद्रं आहेत. दिवसरात्र कुणीतरी कानाला फोन लावून बसलेलं असतं.

चेन्नईच्या या केंद्राची नवी इमारत बांधून झाली होती. १८ ऑगस्ट २०२४, रविवार. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह उद्घाटनाला आले होते. महासंचालक म्हणून राकेश पाल तयारीसाठी तिथेच होते. त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, राजीव गांधी सरकारी रुग्णालयात नेलं, आणि तिथे हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. संरक्षणमंत्री रुग्णालयात गेले. पार्थिव दिल्लीला आणलं गेलं. वय ५९. तारीख तीच, जी दलाच्या कायद्यावर आहे. मी योगायोगांचा फारसा अर्थ लावणारा नाही, पण ही तारीख पाहिली तेव्हा चहा तसाच राहिला.

आमच्या वयाचे निवृत्त अधिकारी एकत्र जमले की एक विषय निघतोच. वरच्या पदावरची माणसं आपली छातीची कळ किती दिवस खिशात ठेवतात? हे मी पाल यांच्याबद्दल म्हणत नाही. त्यांच्या प्रकृतीचं मला काही ठाऊक नाही. पण युनिफॉर्मची एक सवय मला माझ्या कोर्सच्या सोबत्यांत दिसलेली आहे. मंत्र्यांचा दौरा आहे, पाहणी आहे, ती आटोपू दे, मग दाखवू डॉक्टरला. आमच्या बॅचचे दोघे असेच गेले. तरुण अधिकारी ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगतो, की ईसीजीचा कागद वैद्यकीय बोर्डापुरता नसतो.

महासंचालकांच्या जाण्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. २ सप्टेंबर २०२४ ची रात्र. पोरबंदरसमोर 'हरी लीला' नावाच्या टँकरवर एक खलाशी जखमी झाला. हाक आली, तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर निघालं. चौघे जण होते. टँकरजवळ पोहोचता पोहोचता ते समुद्रात कोसळलं. एक पाणबुड्या वाचला. दोघांचे मृतदेह लगेच मिळाले. तिसरा, त्या हेलिकॉप्टरचा पायलट, मिळेना. जहाजं आणि विमानं शोधत राहिली. पूर्ण सप्टेंबर गेला. ज्या दलाचं कामच दुसऱ्यांना शोधण्याचं, ते आता आपल्याच माणसाला शोधत होतं, आणि त्या दिवसांत दलाला कायमचा प्रमुखही नव्हता. १० ऑक्टोबरला पोरबंदरपासून ५५ किलोमीटरवर तो सापडला. त्याच ऑक्टोबरात एस. परमेश यांनी २६वे महासंचालक म्हणून सूत्रं घेतली. तेही याच दलात घडलेले.

समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा बिनपैशांचा क्रमांक आहे १५५४. कोकणात, गोव्यात, दमणला, अंदमानला होडीत बसणाऱ्यांनी तो मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. पलीकडे रात्रीही कुणीतरी फोन उचलतं.